फेरेटच्या वाटीचं गणित

फेरेटला पट्टा बांधून सोसायटीच्या आवारात फिरवणाऱ्याला एक प्रश्न हमखास येतो: "मुंगूस पाळलंय का?" मुंगूस पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि फेरेटचं मुंगुसाशी साम्य दिसण्यापुरतंच. युरोपात पोलकॅट नावाचा एक रानटी प्राणी आहे, पाणमांजराच्या कुळातला. त्याचा माणसाळलेला वंशज म्हणजे फेरेट. दोनेक हजार वर्षांपासून माणसाने त्याला पाळलं ते सशांच्या बिळात सोडून ससे बाहेर हुसकण्यासाठी. मादी साधारण पाऊण-एक किलोची, नर दीड-दोन किलोपर्यंत. दिवसातले चौदा ते अठरा तास झोपणार, उरलेल्या वेळात घर उलटंपालटं करणार.

वाकड, मोशी, पिंपळे सौदागरकडच्या फ्लॅटमध्ये असा प्राणी आला की पहिली अडचण खाण्याची येते. फेरेटसाठीचं खास कोरडं खाणं आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक जण मांजराच्या पिल्लांचं खाणं आणतात. मग कोणीतरी सांगतं की याला कच्चं मांसच द्यायला हवं. मग चिकन सेंटरमधून पाव किलो बोनलेस आणून वाटीत टाकलं जातं. प्राणी ते चाटूनपुसून खातो, आणि मालकाला वाटतं, झालं काम. खरं काम अजून सुरूही झालेलं नसतं.

आधी त्याचं पोट समजून घेऊ. माणसाच्या पोटात गेलेलं अन्न बाहेर पडायला दिवस-दीड दिवस सहज लागतो. फेरेटमध्ये तोच प्रवास तीन ते चार तासांत संपतो. आतडं आखूड असतं आणि सीकम, म्हणजे आपल्या अपेंडिक्सजवळची ती पिशवी, त्याला मुळी नसतेच. ज्या प्राण्यांना झाडपाला पचवायचा असतो त्यांच्या शरीरात जंतूंच्या मदतीने तंतू कुजवायला जागा लागते. फेरेटकडे जागाही नाही आणि वेळही नाही. भात, पोळी, बटाटा, गाजर हे त्याच्या दृष्टीने नुसता प्रवासी. त्याच्या खाण्यात प्राणिज प्रथिनं भरपूर, चरबीही बरीच आणि तंतू नाममात्र असावे लागतात. शिवाय पोट लवकर रिकामं होत असल्याने त्याला दिवसातून अनेकदा थोडं थोडं लागतं. मध्यमवयीन फेरेटना स्वादुपिंडाची एक गाठ फार वेळा होते. तिच्यातून इन्सुलिन वाहत राहतं आणि रक्तातली साखर घसरते. पिष्टमय खाण्यानेच ती होते असं सिद्ध झालेलं नाही. पण ती झालेल्या प्राण्याला गोड किंवा पिठूळ काही देऊ नये यावर डॉक्टरांचं एकमत आहे.

मांस हवं हे ठरलं. आता कोणतं मांस? चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मार्च २०२२ मध्ये एक बिबट्या मोटारींच्या कारखान्यात शिरला होता. काही तासांनी वनखात्याने त्याला बेशुद्ध करून पकडलं. त्या पट्ट्यातला बिबट्या कुत्रा किंवा शेळी मारतो तेव्हा तो बोनलेस खात नाही. काळीज, हृदय, गुर्दे, चावता येतील ती हाडं, रक्त, चरबी असं बरंच काही त्याच्या पोटात जातं. फेरेटचा पूर्वज उंदीर आणि ससे असेच खातो. कच्च्या आहाराची सगळी कल्पना या 'अख्ख्या शिकारी'वर उभी आहे. आपण दुकानातून सुटे भाग आणून ती शिकार वाटीत पुन्हा जोडायची असते. प्रमाण साधारण असं धरतात: मांस आणि हृदय मिळून सत्तर-ऐंशी टक्के, हाड दहा ते पंधरा टक्के, काळीज पाच टक्के, आणि काळजाखेरीज दुसरा एखादा ग्रंथीचा अवयव आणखी पाच टक्के.

यातल्या हाडाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून तिथे थोडं थांबू. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा. शरीराला ही दोन्ही जवळपास सारखी, कॅल्शियम किंचित जास्त, अशी लागतात. खाण्यात कॅल्शियम नसेल तर शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. वाढीच्या वयातलं पिल्लू महिना-दोन महिने नुसत्या बोनलेसवर राहिलं तर पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. बाहेरून मात्र ते गुटगुटीत दिसत असतं, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

हाड द्यायचं तर ब्रॉयलरचं. तो पक्षी पाच-सहा आठवड्यांचा असतानाच कापला जातो, त्यामुळे मानेची आणि पंखांची हाडं कोवळी असतात, फेरेट ती कडाकडा चावून खातो. गावरान किंवा अंडी देऊन म्हातारी झालेली कोंबडी या कामाची नाही, तिची हाडं टणक होतात. शिजवलेलं हाड मात्र कोणत्याच कोंबडीचं देऊ नका. शिजल्यावर ते ठिसूळ होऊन सुळ्यांसारखं तुटतं आणि आतडं फाडू शकतं. हाड द्यायचंच नसेल तर अंड्याचं कवच उपयोगी पडतं. ते धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून मिक्सरमध्ये मैद्याइतकं बारीक करायचं. कवचाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग कॅल्शियम असतो. म्हणजे किलोभर बोनलेसमध्ये जे दोन ग्रॅम फॉस्फरस आहे त्याला तोडीस तोड व्हायला सुमारे सहा ग्रॅम पूड पुरते, साधारण एक सपाट चहाचा चमचा.

आता चिकन सेंटरवर. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक कातडी काढून घेतं. फेरेटवाल्याने कातडीसकट मागावं, कारण चरबी त्यातच आहे. माना बहुतेक दुकानदार स्वस्तात देतात. 'कलेजी-पेटा' एकत्र तोलून मिळतो, पण ते दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटाचा जाड स्नायू, तो मांसाच्या खात्यात मोजायचा. कलेजी अवयवाच्या खात्यात. हे न कळल्यामुळे "आम्ही अवयव भरपूर देतो" असं म्हणणाऱ्यांच्या वाटीत नुसता पेटा असतो. कलेजीला बहुतेकदा हृदयही चिकटून येतं. ते काढून टाकू नका: टॉरिन नावाचं द्रव्य हृदयात भरपूर असतं, त्याच्यावाचून मांजराचं हृदय कमकुवत होतं आणि डोळे जातात. फेरेटलाही ते लागतं असं धरूनच त्याचा आहार आखतात. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीचं गडद मांस त्या दृष्टीने बरं.

दुसऱ्या अवयवासाठी मटणाच्या दुकानात जावं लागतं. बोकडाचा गुर्दा, तिल्ली, कपुरे, यांतलं काहीही चालतं. वजडी मात्र अवयवाच्या खात्यात धरू नका. लाल मांस हवं असेल तर बोकडाचं महाग पडतं. गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर आणि मांसावर महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. म्हशीचं मांस कायद्याने चालतं आणि पिंपरीसारख्या ठिकाणी मिळतंही. खिमा घेण्यापेक्षा अख्खा तुकडा घ्यावा. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, आणि तुकडा फाडून खाताना दातही साफ होतात.

किती द्यायचं, याचं गणित सोपं आहे. एक किलोच्या मोठ्या फेरेटला रोज दोनशे ते तीनशे कॅलरी लागतात. कातडीसकट कोंबडीच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास असतात. म्हणजे रोजचे शंभर ते दीडशे ग्रॅम. सरासरी एकशेवीस धरू. आठवड्याचे झाले आठशेचाळीस ग्रॅम. त्यात माना सुमारे २३० ग्रॅम (त्यातलं एक तृतीयांशाहून थोडं जास्त हाड असतं), हृदय ८५, कलेजी ४०, गुर्दा किंवा तिल्ली ४०, आणि उरलेलं साडेचारशेच्या आत-बाहेर कातडीसकट मांस. ब्रॉयलरची एक कलेजी साधारण चाळीस ग्रॅमची भरते, म्हणजे आठवड्याला एकच. कलेजी स्वस्त आहे आणि प्राणी ती आवडीने खातो म्हणून रोज देणारे असतात. त्यातून अ जीवनसत्त्व साचत जातं आणि ते विषासारखं वागतं. थंडीत फेरेट जास्त खातो आणि जाडही होतो, उन्हाळ्यात उतरतो. ते नैसर्गिक आहे, घाबरायचं कारण नाही.

काही गोष्टी टाळायच्या. कच्चं डुकराचं मांस नको, त्यातून कृमीही येतात आणि स्यूडोरेबीजचा विषाणूही; तो फेरेटचा जीव घेतो. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग रोज नको, त्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिनला बांधून ठेवतं. पिवळा बलक आठवड्यातून एक-दोनदा द्यायला हरकत नाही. दूध नको. इमारतीत सापडलेला उंदीर तर नकोच: त्याने काय विष खाल्लंय हे कळायला मार्ग नसतो, आणि लेप्टोस्पायरोसिसची भीती वेगळी.

माशाची गोष्ट थोडी मोठी आहे. अमेरिकेत मिनेसोटात चास्टेक नावाच्या माणसाचा कोल्ह्यांचा फार्म होता, फरसाठी चंदेरी कोल्हे पाळायचा. १९३२ मध्ये त्याने त्यांना कच्चा कार्प मासा घालायला सुरुवात केली. काही काळाने कोल्ह्यांनी खाणं टाकलं, ते लटपटायला लागले आणि पटापट मेले. या आजाराला आजही चास्टेकचा अर्धांगवायू म्हणतात. नंतर उलगडा झाला की माशात थायमिनेज नावाचं विकर होतं, आणि ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकत होतं. कार्प कुळातल्या अनेक माशांत हे विकर असतं. आपल्याकडे रोहू, कटला, मृगळ हे त्याच कुळातले, आणि मासळीबाजारात ते स्वस्तात मिळतात. शिजवल्यावर विकर निकामी होतं. म्हणून मासा द्यायचाच तर शिजवून, काटे काढून, कधीमधी.

आता जंतूंबद्दल. कच्च्या मांसाचे पुरस्कर्ते सांगतात की फेरेटचं आतडं आखूड आहे, अन्न थांबतच नाही, मग साल्मोनेला काय करणार? यात थोडं तथ्य आहे. निरोगी मोठा प्राणी बरंच पचवतो. पण तोच प्राणी जंतू शीवाटे बाहेर टाकतो, मग तुमच्या उशीवर लोळतो आणि मुलाचं तोंड चाटतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्येच पाळीव प्राण्यांना कच्चं मांस देऊ नये असं धोरण घेतलं, त्यामागे हेच कारण आहे. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कोणी असेल तर कच्च्या आहाराचा विचारच सोडून द्यावा असं माझं मत आहे.

यापेक्षा गंभीर प्रश्न बर्ड फ्लूचा आहे, आणि तिथे फेरेटचं आखूड आतडं काही कामाचं नाही. माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो हे १९३३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत दाखवलं गेलं ते फेरेटवरच. एका फेरेटने शिंकून संशोधकालाच आजार दिला होता. फेरेटच्या श्वासमार्गातल्या पेशी फ्लूच्या बाबतीत माणसाच्या पेशींसारख्या वागतात, म्हणून आजही फ्लूवरचं संशोधन त्याच्यावर होतं. एच५एन१ विषाणू असलेलं कच्चं कोंबडीचं मांस खाऊ घातलेल्या फेरेटना लागण होते हेही प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आणि हा विषाणू आपल्याला परका नाही. भारतातल्या कोंबड्यांत तो पहिल्यांदा सापडला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१चं निदान केलं आणि संशयाचं बोट त्यांना दिल्या जाणाऱ्या मांसाकडे गेलं. पाठोपाठ मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला. वाघाला जे बाधलं ते एक किलोच्या फेरेटला बाधणार नाही असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

इथे एक गैरसमज फार पक्का आहे: मांस तीन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवलं की जंतू मरतात. गोठवल्याने मांसातल्या काही कृमी मरतात, तेवढंच. साल्मोनेला बराचसा टिकतो, आणि फ्लूचा विषाणू तर थंडीत उलट जपला जातो. त्याला मारते ती उष्णता. मांस आतपर्यंत ७० अंशांच्या वर गेलं की तो संपतो.

म्हणून माझा कौल असा. कच्च्या आहारातली खरी किमती गोष्ट त्याचा कच्चेपणा नाही, त्यातलं प्रमाण आहे. कोंबडी शिजवून द्या, प्रमाण तेच ठेवा. झाकणाच्या भांड्यात थोड्याशा पाण्यात, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता, तुकडे आतून पांढरे होईपर्यंत शिजवायचे. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून तो रस फेकायचा नाही, मांसातच मुरवायचा. हाड गाळून त्याऐवजी कवचाची पूड घालायची, आणि टॉरिनची पूड किती घालावी हे डॉक्टरांना विचारायचं. ज्यांना कच्चंच द्यायचं आहे त्यांनी निदान बोकडाचं किंवा म्हशीचं द्यावं, आणि आसपास कोंबड्यांत मरतुक झाल्याची बातमी आली की कच्च्या कोंबडीचं नाव काढू नये. कच्च्या आहाराच्या कट्टर मंडळींना हे पटणार नाही. त्यांचे फेरेट युरोपातल्या थंड हवेत राहतात. आपले एप्रिलमध्ये चिंचवडला चाळीस अंशांत.

त्या उन्हामुळे वाटीचे नियमही बदलतात. उन्हाळ्यात मांस बाहेर तासाभरापेक्षा जास्त राहू देऊ नये. मात्र फेरेटची एक खोड आहे, तो खाणं दडवतो. सोफ्याखाली, कपाटामागे, तुमच्या बुटात. मे महिन्यात तिसऱ्या दिवशी वासानेच पत्ता लागतो, आणि तोवर त्याने ते परत खाल्लेलंही असतं. उपाय एकच: त्याच्या पिंजऱ्यात किंवा बाथरूमच्या फरशीवरच वाढायचं, खाऊन होईपर्यंत तिथेच ठेवायचं, आणि दडवायच्या जागा रोज तपासायच्या.

कामगार वस्तीत दुसरी अडचण वेळेची. फर्स्ट शिफ्टची बस पहाटेच सुटते, चाकणला बारा तासांची पाळी असेल तर घरी यायला रात्र. मोठ्या निरोगी फेरेटला सहा-आठ तासांच्या पुढे उपाशी ठेवू नये. स्वादुपिंडाची गाठ असेल तर चार तासही जास्त होतात. घरात दिवसा कोणी नसेल तर निखळ मांसाहाराचा हट्ट धरू नका. सकाळ-संध्याकाळ मांस आणि मधल्या वेळेला चांगल्या प्रतीचं मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाणं, ही तडजोड चांगली चालते.

खरेदी रविवारी सकाळी करावी, त्या दिवशी माल भराभर खपतो आणि ताजा मिळतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थीला खप मंदावतो. श्रावणात तर घरातच पंचाईत: माणसं महिनाभर सोडतात, फेरेटला उपवास घडत नाही. आषाढातच महिन्याचा साठा करून ठेवणारी घरं आहेत, आणि सासूबाईंच्या समाधानासाठी वेगळा छोटा फ्रीझर घेणारीही. साठवताना एका जेवणाचं एक पाकीट, वर तारीख, आणि वितळवायचं ते रात्री फ्रीजमध्ये, ओट्यावर नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडायचा नाही. गच्च भरलेला असेल तर बंद दाराआड तो दोन दिवसही थंडी धरतो. मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत. २०१९च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड येतं, तेव्हा धुण्यापुरतं गरम साबणाचं पाणी आधीच बाजूला काढलेलं बरं. कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी सगळा ओटा बाटतो.

कोरड्या खाण्यावरून मांसावर आणणं हे चिकाटीचं काम आहे. फेरेट पहिल्या काही महिन्यांत ज्या वासाचं खातो तेवढंच त्याला अन्न वाटतं. पुढे समोर मटण ठेवलं तरी तो ते हुंगून निघून जातो. उपाशी ठेवून वळवायला जाऊ नका. कोरडं खाणं रस्शात भिजवून मऊ करा, त्यात चमचाभर शिजलेलं वाटलेलं मांस मिसळा, बोटाला लावून चाटवा. दर दोन-तीन दिवसांनी मांस वाढवत, कोरडं खाणं कमी करत जा. कोणी दोन आठवड्यांत वळतो, कोणाला तीन महिने लागतात. या काळात स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून दोनदा वजन करा. दहा टक्क्यांनी उतरलं तर मागे फिरा.

जमलं की नाही हे शी सांगते. मांसावरच्या फेरेटची शी थोडी, गडद आणि घट्ट असते, वासही पूर्वीपेक्षा कमी. पांढरट आणि भुगा होणारी असेल तर हाड किंवा कवचाची पूड जास्त झाली. पातळ आणि काळपट असेल तर बहुधा कलेजी जास्त. हिरवी, शेंबडासारखी शी दोन दिवस राहिली तर डॉक्टरांकडे जा. डांबरासारखी काळी, चिकट असेल तर त्याच दिवशी, कारण ते पोटातलं रक्त असतं. तोंडापाशी पंजे मारणं, लाळ गळणं, मागचे पाय ओढत चालणं, एकटक शून्यात पाहणं, ही साखर घसरल्याची लक्षणं आहेत. हिरड्यांना थोडा मध लावून लगेच निघायचं. फेरेट पाहिलेला डॉक्टर कोण हे प्राणी आजारी पडायच्या आधीच विचारून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांनी तो हाताळलेला नसतो. आणि घरातल्या फेरेटला एकाएकी ताप, शिंका, धाप लागली, तर गेल्या आठवड्यात त्याने काय कच्चं खाल्लं हे डॉक्टरांना न विचारता सांगा.